सोमवारची गाडी

जकार्ताहून आचेला येणारी बसगाडी तीन रात्री रस्त्यात काढते. म्हणून तिच्या वेळांच्या तक्त्यात मध्यरात्रीनंतर पुन्हा एकपासून मोजत नाहीत. चोवीसपुढे पंचवीस, सव्वीस असे तास चढत जातात. लांग्साला ती ८७:३० ला पोचते. सुटल्या वारापासूनचे तीन दिवस, म्हणजे बहात्तर तास, वजा केले की उरतात दुपारचे साडेतीन. हा हिशेब तिथल्या तिकीटबाबू सरबाईनीला तोंडपाठ होता, आणि नवख्या बाबूंची त्यावरून तो यथेच्छ टिंगल करी.

गुरुवारी सकाळी झैनुन धापा टाकत खिडकीशी आला. त्याच्या बहिणीचा नवरा पहाटे वारला होता. भाचा फखरूल आजारी बापाला भेटायला सात वर्षांनी निघाला होता, तो अजून वाटेतच होता.

"दादा, पोरगं कधी पोचतंय? मेराक बंदराच्या धक्क्यावर गाडीत बसलं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला, मंगळवार लागलेला. तेव्हापासून फोन बंद. ताई म्हणते, आज येणार असेल तर संध्याकाळपर्यंत थांबू. मशिदीचे तेंगकूही हो म्हणालेत."

"मंगळवार आणि तीन, शुक्रवार. उद्या दुपारी."

"ड्रायव्हरला विचारायचं का एकदा?"

"वीस वर्षं इथे काय माशा मारल्या मी? उद्याच येईल. मय्यत इतका वेळ ठेवू नका, उरकून घ्या."

दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. सरबाईनी त्याआधी मयताच्या घरी जाऊन तोंड बघून आला, माती द्यायलाही थांबला. त्या माउलीचं रडणं ऐकवत नव्हतं.

साडेतीनला गाडी थांब्यावर लागली. काचेवर सोमवारची पाटी होती आणि दारातून फखरूल उतरत होता. सरबाईनीने पुन्हा बोटांवर मोजलं. मेराकचा रात्रीचा एक म्हणजे तक्त्यातले २५:००, आणि गाडी जकार्ताहून सुटली सोमवारीच! मोजायचं सोमवारपासून. हेच तर तो जन्मभर दुसऱ्यांना बजावत आला होता. मेल्या, तुझी घमेंड जळो, असं तो स्वतःलाच म्हणाला.

त्यानेच फखरूलला बातमी सांगितली आणि मोटरसायकलवरून कबरस्तानात नेलं. माती अजून ओली होती. फखरूल कबरीशेजारी बसला.

"आई दोन-तीन तास थांबली नाही," तो म्हणाला. "सात वर्षं आलो नाही, त्याचा राग काढला तिने."

सरबाईनी गप्प राहिला असता तरी कोणी विचारायला येणार नव्हतं. पण त्याला ते सोसेना.

"ती थांबणारच होती रे. मीच म्हटलं, तू उद्या येशील. उरका म्हटलं. चूक माझी आहे."

आता हा अंगावर धावून येईल, असं त्याला वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. फखरूलने फक्त मान वर केली.

"तुम्ही तोंड पाहिलंत त्यांचं?"

"पाहिलं."

"मग सांगा. कसे दिसत होते?"

सरबाईनी मातीत त्याच्याशेजारी बसला आणि सांगू लागला.