पाणी कमी, माणूस वर

"पाणी वाढलं तर दळत राहायचं. पाणी एकाएकी कमी झालं तर सगळं टाकून वर चढायचं."

ही ताकीद मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मनावर घेतली नाही. माझा तेव्हाचा मालक ती आपल्या मुलाला, खमीसला, देत होता. मला वाटलं, पाणी कमी म्हणजे मला विसावा. त्यात भिण्यासारखं काय आहे? त्याच हिवाळ्यात एका दुपारी पाणी आटलं, मी थांबले, आणि घटकाभरात लोंढा आला. वर डोंगरात पाऊस पडून झाडं-दगड घळीत अडकले होते, त्यांच्यामागे तुंबलेलं पाणी एकदम फुटलं होतं. माझ्या पायाशी बांधलेलं गाढव वाहून गेलं. तेव्हापासून मला ती ताकीद पाठ आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पाणचक्की आहे. अरबस्तानात, फुजैराच्या मागच्या डोंगरांत, एका अरुंद घळीत माझी जागा आहे. इथला ओढा बारमाही, म्हणून खजूर आहेत, बोरी आहेत, काठाने गुलाबी कण्हेर आहे. वाळवंटातून चालत येणाऱ्याला शेवटच्या वळणापर्यंत यातलं काही दिसत नाही. वळण घेतलं की सावलीच लागते.

मला दगड आणि भाजक्या मातीचा गिलावा वापरून बांधलं. डोंगराच्या कडेने एक पाट येतो. त्याचं पाणी उंच दगडी बुरुजात वरून पडतं आणि तळाच्या बारीक भोकातून जोराने बाहेर निघतं. तिथे आडवं लाकडी चाक. चाक फिरलं की वरच्या खोलीतला दगड फिरतो. एवढीच माझी करामत.

माझा आवाज साऱ्या दरीला ऐकू जाई. तो चालू असला की बाया निवांत बसून गप्पा मारत. आपोआप थांबला की एकही बाई "काय झालं?" असं विचारत नसे. पोर कडेवर घ्यायचं, पीठ तिथेच सोडायचं आणि बुरुजाशेजारच्या पायऱ्या चढून खमीसच्या घरापर्यंत जायचं. पायऱ्या बेचाळीस. दहा वेळा चढल्या तर नऊ वेळा काहीच होत नसे. पाटात फांदी अडकलेली असे, नाहीतर कुणी पाणी खजुरांकडे वळवलेलं असे. बाया हसत खाली येत आणि पुढचं दळण टाकत.

एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्चमध्ये माझ्याकडे दुबईहून एक कुटुंब आलं. खैरुद्दीन मूळचा दाभोळचा, दुबईच्या देरा भागातल्या एका पेढीत कारकून. बायको हव्वाबी, आणि सहा वर्षांची साजिदा. पेढीच्या लँडरोव्हरने ते फुजैराला आले होते. गाडी दरीच्या तोंडाशी ठेवून तिघे दोन तास गोट्यांतून चालले, सात वेळा ओढा ओलांडला. खैरुद्दीनच्या खांद्यावर धुऊन सावलीत वाळवलेल्या तांदळाची गोणी होती.

"इंजिनच्या चक्कीचं पीठ तापतं," हव्वाबी दम घेत म्हणाली. "भाकरी थापली की कडेला चिरते."

"म्हणून डोंगर चढायचा? माझी आईसुद्धा एवढी हौस करायची नाही," खैरुद्दीन म्हणाला.

"त्यांना घरात जातं होतं. मला तुम्ही आहात."

हव्वाबी फार जपणारी बाई. मला अशी माणसं लगेच ओळखू येतात. तिने आधी कण्हेरीकडे बोट दाखवून साजिदाला सांगितलं, "याचं पान तोंडात घालायचं नाही. हात लावलास तरी धुवायचा." मग बसायच्या दगडाखाली विंचू आहे का ते काठीने पाहिलं. मग माझं चाक पाहिलं आणि पोरीला तिथून चार हात मागे ओढलं.

खमीस तरुणपणी खजुराच्या गलबतावर मुंबईला गेलेला, त्याला मोडकं हिंदी येई. त्याने तांदूळ दगडावरच्या झोळीत ओतला, पाणी अडवणारी फळी उचलली आणि बोट वर करून सांगितलं, "पानी ज्यादा, काम. पानी कम, आदमी ऊपर. बच्चा पहले."

"हां चाचा," हव्वाबी म्हणाली. खमीस पायऱ्या चढून गेल्यावर ती नवऱ्याकडे बघून हसली. "खाडीकाठच्या माणसाला पाणी शिकवतोय."

मी दळत राहिले. तांदूळ मला नवा नव्हता, पण इतका निवडलेला कधी आला नव्हता. हव्वाबीने पहिलं पीठ चिमटीत धरलं, गालाला लावलं. "गार आहे हो!" ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. ते मी जपून ठेवलं आहे.

अर्धी गोणी झाली असेल. बुरुजातलं पाणी उतरू लागलं. माझा दगड जड झाला, दोनदा अडखळला आणि थांबला.

आभाळ निळं होतं.

"म्हातारबाने पाणी खजुरांकडे वळवलं वाटतं," खैरुद्दीन म्हणाला.

पण ओढाही उतरत होता. खडकांच्या ओल्या कडा उघड्या पडल्या, डबक्यांत बोटाएवढे मासे उड्या मारू लागले. साजिदा ओरडली, "अम्मी, फिश! बघ ना, फिश!"

हव्वाबीने ओढ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला. दाभोळला ओहोटीला सुकती म्हणतात. पाणी मागे गेलं की बाया-पोरं टोपल्या घेऊन चिखलात उतरतात, तिसऱ्या, कालवं गोळा करतात. तिच्या लेखी, पोराला पाण्यात सोडायची सगळ्यांत सुरक्षित वेळ तीच.

"सुकती लागली गं," ती म्हणाली. "जा, डबा घेऊन जा. सहा तास भीती नाही."

बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन साजिदा पात्राच्या मधोमध गेली. पूर्ण दिवसात हव्वाबीने तिचा हात सोडला तो तेवढाच.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त थांबता येतं, आणि ते मी केलं होतं. वरती एका माणसाने ते ऐकलं. सत्तरीचा खमीस अनवाणी पायऱ्या उतरत आला. "ऊपर! यल्ला, ऊपर!"

हव्वाबी उठली. तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग घळीकडे. गाडीभर खडी ओतल्यासारखा आवाज येऊ लागला होता. ती चपला टाकून पात्रात धावली. साजिदा डबा सोडेना. हव्वाबीने डब्यासकट तिला काखोटीला मारलं. काठाच्या शेवाळावर तिचा पाय घसरला तेव्हा खमीसने पायरीवर पालथं पडून काठी पुढे केली. खैरुद्दीनने मागून त्याचे पाय धरले. पोर आधी वर आली, मग आई. चौघे बुरुजाच्या वर पोचले आणि खाली चहाच्या रंगाचं पाणी आलं, अख्खी बाभूळ घेऊन.

माझं चाक गेलं. दळायची खोली गेली. वरचा दगड पन्नास पावलांवर जाऊन पडला, तो अजून तिथेच आहे. बुरूज तेवढा राहिला.

खमीसचा गुडघा दगडावर आपटून फुटला होता. तो धरून तो बसला होता. हव्वाबी त्याच्यासमोर बसली.

"खलास," खमीस म्हणाला. "आटा गया. लड़की है."

"मीच पाठवलं तिला," हव्वाबी मराठीतच म्हणाली. "मीच."

खैरुद्दीन त्याला दुबईच्या डॉक्टरकडे न्यायला तयार होता. खमीसने मान हलवली. परतताना हव्वाबीने साजिदाचं मनगट आपल्या ओढणीला बांधलेलं मी पाहिलं. पाणी उतरून गेलं होतं, तरी बांधलेलं.

पुढे ती दोनदा आली. एकदा मलमपट्टी आणि भाकऱ्या घेऊन, एकदा तान्हं बाळ दाखवायला. मग आली नाही. दोन लहान मुलं घेऊन ही वाट चालणं सोपं नाही, मी तिला दोष देत नाही. किनाऱ्यावर डिझेलची चक्की बसली. दरीतली बिऱ्हाडं एकेक करून खाली तिकडेच गेली, वर खमीस एकटा उरला. मला पुन्हा उभी करायला कुणाला वेळ नव्हता, आणि खमीसला गुडघा नव्हता.

आता एकोणीसशे एकोणसत्तर आहे. शुक्रवारी कधीमधी देऱ्यातली तरुण मंडळी घळीतून भटकत येतात. माझ्या पडलेल्या दगडावर बसून डबे खातात, बुरुजावर नावं कोरतात. कोरा, माझी हरकत नाही. दगड आहे, सोसतो.

माझं सांगणं दुसरंच आहे. मी चालू असताना खमीस माझा आवाज ऐकून असे, आणि मी थांबले की उतरून येई. आता मला आवाज नाही. मी फक्त त्याच्या चुलीचा धूर बघते. सकाळी एकदा, तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजानंतर एकदा. बेचाळीस पायऱ्या तो हल्ली उतरत नाही, पण धूर कधी चुकला नव्हता.

परवापासून धूर नाही.

ही दहातल्या नऊ वेळांपैकीच एक असेल. लाकडं ओली असतील, नाहीतर कुणी नातेवाईक त्याला खाली घेऊन गेला असेल. तरीही, मित्रांनो, तुमच्यातलं कुणी या शुक्रवारी इकडे येणार असेल तर डबा नंतर उघडा. आधी पायऱ्या चढा. हाक जरा मोठ्याने मारा, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उत्तर आलं नाही तर दार ढकला. त्याला कडी नाही.