नाकावर पान, पाठीवर रेघ

मी बोलतेय. वर बघा. अजून वर. उंबराची तिसरी फांदी, मोठ्या पानाखाली. हां, तीच मी. मान दुखली तर मला बोल लावू नका. अठरा वर्षं मी उलटी लटकतेय, कधी तक्रार केली?

मी वटवाघूळ आहे. पण नुसतं वटवाघूळ म्हणून पुढे गेलात तर मी ऐकून घेणार नाही. इथे मानपाड्यात माणूस दारात आला की आधी विचारतात, कुठले तुम्ही, आगरी का, घाटावरचे का, कोकणातले का. ते कळल्याशिवाय चहा पुढे येत नाही. मग माझ्याच वेळी सगळ्यांची जीभ का आखडते?

नीट पाहून घ्या. तोंडावर चार पांढऱ्या रेघा, दोन डोळ्यांच्या वर आणि दोन गालांवर. पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत एक सरळ रेघ, पट्टी ठेवून आखल्यासारखी. नाकावर कातडीचं उभं पान, भाल्याच्या पात्यासारखं. शेपटी नाही. तुटली नाही, झडली नाही, मुळातच नाही. पायांमधल्या पडद्याच्या काठाला मात्र केसांची झालर आहे, भरजरी पदराला असते तशी. माझ्या जातीचं शास्त्रातलं नाव मराठीत आणलं तर ‘रुंदनाकी’ असं काहीसं होईल. नाक रुंद आहे. हो, आहे. तुमचं कुठे चाफेकळी लागून गेलंय?

माझा जन्म दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोर देशात. तिकडे जंगलाला लागून सागाची लागवड आहे. एका संध्याकाळी घुबड मागे लागलं म्हणून मी सागाच्या पोकळ ओंडक्यात शिरले. घुबड गेलं, पण ओंडकाही निघाला. आधी ट्रकवर, मग जहाजावर. चाळीस दिवस मी काय खाल्लं ते विचारू नका. बाईला वय आणि उपवास विचारू नयेत. वय मी आपणहून सांगितलं, ते वेगळं.

न्हावा-शेव्याला उतरले, ट्रेलरवर चढले आणि मानपाड्याच्या एका लाकडाच्या वखारीत येऊन पडले. करवतीखाली जायची वेळ आली तेव्हा ओंडक्यातून बाहेर उडाले, तर समोर कुंपणापलीकडे हा उंबर. फळांनी लगडलेला. एक फोडून खाल्लं. चव थेट घरची. त्या दिवसापासून मी इथली.

मराठी मला कुणी शिकवली नाही. वखारीच्या राखणदाराच्या मोबाइलवर दिवसभर बातम्या चालायच्या आणि उंबराच्या मालकिणीच्या घरात संध्याकाळी मालिका. बातम्यांवरून व्याकरण उचललं, मालिकांवरून टोमणे.

मालकिणीचं नाव बायजा. आगरी बाई, पंचाहत्तरीची, एके काळी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलेली. तिचा नवरा नाथा कधीच गेला. शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, उरला तो एवढा तुकडा, त्यावरचं घर आणि हा उंबर. तिची चारही मुलं या उंबराला झोळी बांधून वाढवलेली. ती मिठागरावर जाताना पोर झोळीत टाकायची आणि सासू झोके द्यायची.

तिने मला पहिल्यांदा पाहिलं ते अंगणात. मी एका कावळ्याशी वाद घालता घालता खाली पडले होते. बायजाने वाकून माझं तोंड पाहिलं.

“जल्ली मेली,” ती म्हणाली, “तोंडाला पीठ फासून कुठशी आली ही?”

त्याचं असं झालं, शेजारी लग्न होतं. आगऱ्यांच्या लग्नात तांदळाच्या पिठाचा चौक काढतात. तिला वाटलं, मी त्या चौकात लोळून आलेय. तिने पदर ओला केला आणि माझ्या रेघा पुसायला घेतल्या. पुसून पुसून माझं नाक लाल झालं, तिचा हात दुखला, रेघा जागच्या जागी. मग तिने मला पालथी केली, पाठीवरची रेघ पाहिली आणि पदर खाली सोडला. पीठ पडतं ते असं सरळ पडत नाही, हे तिला कळलं. शाळा नाही शिकलेली, पण नजर होती. तिने मला उचलून फांदीला लावलं. मी लटकले. “माजी पोरा लटकायची तिथंच,” ती म्हणाली आणि भात शिजवायला गेली.

बाकीच्यांचं काय सांगू. कुणी पाकोळी म्हणालं, कुणी घुबडाचं पिल्लू म्हणालं. तिचा मुलगा उत्तम म्हणाला, ही रक्त पिते. मी जन्मात कुणाचं रक्त प्यायले नाही. मी फळं खाते आणि बिया पेरते. उत्तमच्या घराच्या गच्चीवर, पाइपाच्या सांध्यात, गाडीच्या टपावर जी उंबराची रोपं उगवतात ती कुणाची मेहनत आहे, त्याने एकदा तरी विचारलं? मला एकच हौस होती. मरायच्या आधी कुणीतरी मला नीट बघावं आणि माझं खरं नाव तोंडाने घ्यावं. बस. सोनं मागत नव्हते.

मग तुकड्यावर टॉवर बांधायचं ठरलं. मितेश नावाचा बिल्डरचा माणूस येऊ लागला, हातात नकाशाची गुंडाळी. नकाशात उंबराच्या जागी पोहण्याचा तलाव होता. गावातला कोणी उंबराला कुऱ्हाड लावायला धजेना, तर मितेशने कुठूनसे गुरुजी आणले. झाडाची क्षमा मागितली की चालतं, असं ते म्हणाले. बायजाने त्यांना चहा दिला आणि विचारलं, आधी तुमची मुंडी कापते, मग क्षमा मागते, चालेल का? गुरुजी चहा अर्धा टाकून गेले.

पण उत्तमचा हट्ट होता. बायजा मग एकटी रिक्षाने झाडांच्या कचेरीत गेली आणि सांगून आली की झाडावर कुणी राहतं. तिथल्या साहेबांनी तोंडी सांगितलं ते असं. वटवाघूळ इथलं असेल तर झाड तोडायची परवानगी थांबवू. बाहेरदेशचं असेल तर त्याला पकडून पिंजऱ्यात नेतील आणि झाड मोकळं. गुरुवारी तपासणीला बाई येतील.

लक्षात येतंय? जन्मभर मी ज्या नावासाठी तडफडले, ते नाव कुणी घेतलं की झाड जाणार आणि मी पिंजऱ्यात. आणि बायजाच्या दाराशी तलाव.

बुधवारी दुपारी बायजाने तुपाचा दिवा लावला, वर काशाची ताटली पालथी धरली आणि काजळ पाडलं. मला फांदीवरून काढून मांडीवर घेतलं, पोराला घेतात तशी.

“बाय, गप ऱ्हा. एक दिस काळं तोंड करून बस,” ती म्हणाली.

आणि तिने माझ्या रेघा भरल्या. डोळ्यांवरच्या, गालांवरच्या, मग पाठीवरची. ज्या रेघा मी दोन खंडांत मिरवल्या त्या एका बोटाने पुसल्या गेल्या. मला आरशाची सवय नाही, पण कावळा पाहून हसला त्यावरून अंदाज आला. मी सोसलं. झाडासाठी सोसलं, आणि खरं म्हणजे त्या मांडीसाठी.

गुरुवारी अकरा वाजता निशिगंधा नावाची मुलगी आली. पाठीला पिशवी, हातात टॅब, जाड हातमोजे. आल्या आल्या तिने बायजाला दम दिला की वटवाघळाला उघड्या हाताने धरायचं नसतं, आजी. बायजा म्हणाली, मी वाघ धरलाय. मुलीने वाद घातला नाही, तिथेच ती मला आवडली. उत्तम आणि मितेश प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले, सामना बघायला बसतात तसे.

तिने मला हातात घेतलं. माझ्या पंखाचं हाड कोपरापासून मनगटापर्यंत मोजलं. साडेचार सेंटिमीटर. मग नाक पाहिलं.

“नाकावर पान आहे,” ती म्हणाली.

“ओव्याचा पान हाय,” बायजा म्हणाली. “सर्दी झाली तिला. मीच लावला.”

निशिगंधाने पान हळूच ओढून पाहिलं. नाकही आलं.

“चिकटलाय,” बायजा म्हणाली.

“आणि शेपूट नाही.”

“दारात अडकून तुटला. या उत्तमच्या हातनं. लहानपनापासून दार आपटतो.”

“आये, कायपण काय बोलते?” उत्तम उठला. “मॅडम, हिला शेपूट मुळातच नाय. इंपोर्टेड आहे ती. वखारीतून आलेली. सगळ्यांना माहितीये.”

निशिगंधाने त्याला बसायला सांगितलं. मला उलटसुलट केलं, काळी पाठ पाहिली, काळं तोंड पाहिलं. मग टॅबवर लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटली की इथलीच एखादी पाननाकी दिसतेय, शेपूट अपघातात गेलेलं, खाणं डास आणि किडे.

बायजाने डोळे मिटून घेतले. झाड वाचलं होतं. माझी मोकळीक वाचली होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं.

डास.

मी. डास. जन्मभर उंबर निवडून, पिकलेलं वासाने ओळखून, साल बाजूला काढून खाणारी मी. माझ्या नावावर डास लागणार, आणि तेही कायमचे, सरकारी.

माझ्या पोटात ती यायच्या जरा आधी खाल्लेली तीन उंबरं होती. फळ आमच्या पोटात पाऊण तास टिकत नाही. खरं सांगू? धरून ठेवता आलं असतं. मी धरलं नाही. टॅबच्या काचेवर, ‘खाणं’ या शब्दाच्या बरोबर वर, मी माझं म्हणणं मांडलं.

मितेश खुर्चीसकट मागे सरकला. निशिगंधा मात्र वाकली. बारीक पिवळ्या बिया तिने एका काडीने पसरून पाहिल्या.

“ही फळं खाते,” ती हळूच म्हणाली. “आपल्याकडची फळं खाणारी असतात त्यांच्या नाकावर पान नसतं. ज्यांच्या नाकावर पान असतं ती किडे खातात. दोन्ही एकत्र इथे नसतंच.”

मग तिचं लक्ष स्वतःच्या पांढऱ्या हातमोज्यांकडे गेलं. ते काळे झाले होते. तिने बायजाकडे पाहिलं. बायजा उंबराकडे पाहत होती. निशिगंधाने खिशातून ओला रुमाल काढला आणि माझा गाल पुसला. एक रेघ. मग दुसरी. मग चारही. मग पाठ.

तिने माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, शास्त्रातलं, सगळे उच्चार स्पष्ट. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या अंगावरची लव उभी राहिली. आणि मी बायजाचं तोंड पाहिलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तिचा नाव खरा हाय ना?” तिने विचारलं. निशिगंधाने मान डोलावली. “मंग लिव. मी पन आंबिवलीवरशी आलेली. माजा नाव सासूनं बदलला. खरा नाव घेनारा आता कोन नाय.”

निशिगंधा बराच वेळ टॅबवर बोट ठेवून बसली. सगळ्यांना वाटलं, तिला दया आलीय. तसं नव्हतं. टॅबमध्ये प्रजातींची यादी होती, त्यातून एक नाव निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. आणि माझं नाव यादीत नव्हतं. ‘इतर’ असं काही नव्हतं.

“काहीही टाका ना, मॅडम,” मितेश म्हणाला.

“काहीही नाही टाकणार,” ती म्हणाली. “आहे ते टाकणार. ते घेत नाहीये.”

त्यालाही आता दोन वर्षं झाली. निशिगंधाने कचेरीला पत्र लिहिलं, कचेरीने वरच्या कचेरीला, वरच्या कचेरीने विचारलं की हे वटवाघूळ नक्की कुठलं, फोटो पाठवा. फोटो गेले. समोरून, बाजूने, पाठीमागून. यादीत नाव घालायचं की नाही याचा विचार चालू आहे. तोवर तपासणी अपुरी. तपासणी अपुरी म्हणून झाड तोडता येत नाही, आणि मला पकडायच्या कागदावरही प्रजातीचं नाव लागतं म्हणून मलाही पकडता येत नाही. खोटं नाव लागलं असतं तर ते उत्तमने चार दिवसांत खोडून आणलं असतं. खऱ्या नावाला मात्र कुणाला हात लावता येईना. मितेश गुंडाळी घेऊन विठ्ठलवाडीला दुसऱ्या कुणाच्या दारी गेला.

बायजा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी खालून म्हणाली, “तुजा पोट बरा हाय का?” त्यातच सगळं आलं.

उत्तम वर्षभर फुगून होता. आता त्याची मुलगी करिश्मा बाळंतपणाला आलीय. मुलगी झाली, अकरा दिवसांची आहे. घरात उकडतं, पंख्याने पोर दचकतं. काल सकाळी उत्तम कुणाशी न बोलता शिडी घेऊन आला, माझ्या शेजारच्या फांदीला दोर टाकला आणि आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. माझ्याकडे बघितलं, पण रक्त पिते असं काही म्हणाला नाही.

आता आम्ही दोघी लटकतो. बायजा काजळ घेऊन येते. आधी तिला, मग मला. रेघा सोडून, गालाच्या कडेला एकच तीट.

उद्या बारसं आहे. खाली नावांवरून भांडण चाललंय, करिश्मा मोबाइलवरच्या यादीतली नावं वाचून दाखवतेय. मी आता म्हातारी झालेय, पुढच्या उन्हाळ्यात या फांदीवर असेन का नाही कोण जाणे, म्हणून माझं एवढं ऐका, माझ्या बायांनो. यादीत नसेल असं नाव ठेवा तिचं. मग तिला जागेवरून कुणी हलवत नाही.