विटांच्या बुरुजावरचा अळीव

दर दिवाळीला अर्विंगच्या आमच्या बॅकयार्डात किल्ला होतो. यंदा मी इटलीतल्या एका किल्ल्याचा नमुना निवडला. लायब्ररीतल्या चार पुस्तकांवर मी स्वतःला त्या विषयातली जाणकार समजू लागले होते. तिथल्या मैदानी मुलखात दगड कमी, म्हणून सहाशे वर्षांपूर्वीचे किल्ले विटांचे. मी निवडलेल्याच्या तोफा तर बाहेर नव्हे, गावाकडे रोखलेल्या. सरदाराला भीती आपल्याच माणसांची.

नागपूरहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, पंधरा दिवस खपून तो बांधला. छातीइतका बुरूज, खाली रांगत जाण्याएवढी कमान. पुढच्या वर्षी विमान नको, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. सिमेंट नको, हे मीच म्हटलं. जुन्या लोकांनी कुठे वापरलं होतं? ते चुना वापरत. तो मिळेना, म्हणून आम्ही माती घेतली.

मग आपल्या रीतीप्रमाणे फटींत अळीव पेरला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. किल्ला हिरवागार झाला. माझ्या लेकीने, इशिताने, कमानीच्या आत कडेला आपले तीन मावळे मांडले. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कौतुकाचा पूर आला.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बुरुजाला पोट आलेलं दिसलं. बोट लावलं, तर विटांमधली माती लोण्यासारखी. पाच वाजता मंडळाची वीस मुलं त्या कमानीतून रांगणार होती. नवऱ्याला, निमिषला, ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, टेप लावून ठेव, उद्या बघू, पाडला तर बाबांना वाईट वाटेल.

टेप. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं की किल्ला आत्ताच पाडावा लागेल.

ते बुरुजाकडे बघत राहिले. "मला परवापासून माहीत आहे. रोज सकाळी हात लावून बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"इशिता सगळ्यांना सांगत फिरते, आजोबांनी बांधला म्हणून."

मी पाडायला काठी आणायला वळले.

"थांब, सुलभा. तिचे मावळे आत आहेत," म्हणत ते ओणवे होऊन कमानीत शिरले. वरून माती झरू लागली. एक वीट सरकली.

लग्नाला बावीस वर्षं झाली, नमस्कारापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. दोन्ही घोटे धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं.

बुरूज फारसा आवाज न करता जागच्या जागी बसला.

बाबा गवतावर पालथे होते, मुठीत एक मावळा. "दोन राहिले," ते म्हणाले. मी घोटे सोडले नाहीत.