पुरलेल्यांची खूण

बिराप्पा जागल्यानं आधी गुंडाच्या घराकडं बोट केलं, मग कुंकू लावल्यासारखं स्वतःच्या कपाळाला टेकवलं. म्हणजे घरातली बाई. शेवटी हातातली काठी जमिनीत खुपसून त्यानं माती उपसल्यासारखं केलं. गल्लीच्या पलीकडं उभ्या असलेल्या जागल्याची ही खूण बघून उंबऱ्याच्या आत बसलेल्या आकाराम पाटलांनी मान डोलावली आणि गुंडाच्या बायकोच्या नावापुढं मरणाचं कारण लिहिलं, देवी.

तोंडानं बोलायची सोय नव्हती. पाटलांच्या नातीला, बनीला, देवी आल्या होत्या. अशा घराचा उंबरा बाहेरच्यानं ओलांडायचा नाही, घरातल्यांनी बाहेर जायचं नाही, आणि मरणाची गोष्ट तर तिथं काढायचीच नाही, ही रीत. पोलीस पाटलाला मात्र गावातलं मरण तासगावला कारणासकट कळवावंच लागे. मग पाटलांनी तोड काढली. देवीनं गेलेल्याला गावात जाळत नाहीत, पुरतात. तेव्हा पुरलं की देवी, जाळलं की ताप. या युक्तीवर ते इतके खूष होते, की आणखी काही विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तसं डोकं ठिकाणावर होतं कुठं? बनीचा बाप लढाईवर गेलेला. तो परतला की पोर त्याच्या हातात सुखरूप द्यायची, एवढाच पाटलांना ध्यास. तिच्या उशाशी बसून ते लिंबाच्या डहाळीनं वारा घालत. शेजारची बयाबाई न बोलता दारात विहिरीच्या पाण्याची घागर ठेवून जाई आणि सून अंजना ते पाणी लिंबाचा पाला घालून उकळी. घरात सगळे तेच पीत. ते कडू पाणी नको म्हणून बनी रोज रडायची.

पोर वाचली. खपल्या गळाल्या, न्हाणं झालं आणि पाटील कितीतरी दिवसांनी डोक्याला पटका बांधून चावडीकडं निघाले. जाता जाता सुनेला म्हणाले,

"आज दे तिला साधं गार पाणी. पोटभर पिऊ दे."

चावडीत देवी टोचणारा डॉक्टर येऊन बसला होता. पाटलांनी कळवलं म्हणूनच तालुक्यानं त्याला धाडलं होतं.

"पाटील, सगळं गाव फिरून आलो. तुमची नात सोडली तर कुणाच्या अंगावर एक फोड नाही."

"आसं कसं हुईल? येवढी मान्सं पुरली की."

"पुरली म्हणून देवी?"

पाटलांना काही उमजेना. त्यांनी बिराप्पाकडं बघितलं.

"आरं, तूच खूण केलीस न्हवं?"

"पुरलं, म्हणून पुरल्याची केली," बिराप्पा म्हणाला. "जाळायला लाकूड कुठं हाय, पाटील? बाभळी समद्या लढाईच्या ठेकेदारानं न्हेल्या."

"मग मेली कशानं?"

"वकाऱ्या आन् ढाळ. पटकी हाय गावात. तुमी इचारलं न्हाई, आन् तुमच्या दारात तसलं नाव मी कसं घ्यावं?"

डॉक्टरनं पेटी मिटली. तिच्यात नुसती देवीची लस होती.

"पटकी कळवली असती तर विहिरीत टाकायचं औषध घेऊन माणूस आला असता," तो म्हणाला. "आता ते येईपर्यंत विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय कुणाला पिऊ देऊ नका."

पाटील उठले. चुकलं कुठं, खूण चुकली की आपण, हे त्यांना अजून नीट कळत नव्हतं. पण ते घराकडं धावत सुटले. वहाणा चावडीतच राहिल्या. बिराप्पा मागनं हाका मारत होता, त्यांना ऐकू येत नव्हतं.

बनी उंबऱ्यावर बसली होती. मांडीत तांब्या होता. पाटलांनी तो ओढून घेतला, तर हाताला हलका लागला.

"आबा, लय ग्वाड हाय पाणी," ती म्हणाली. "आईनं पुन्यांदा भरून दिलं."

तिच्या हनुवटीवरून पाणी निथळत होतं. पाटील खाली बसले आणि पटक्याच्या शेवानं तिचं तोंड पुसायला लागले. तोंड कोरडं झालं तरी ते पुसतच राहिले.