सावकाशकाकांचा जबाब

बसच्या स्टिअरिंगवर एकतीस वर्षं काढून ते घरी बसले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता. साधा ओरखडासुद्धा नाही. डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणायचे. "सावकाशरावांची गाडी सुटली का? सुटू दे, आपण जेवून घेऊ, पुढच्या थांब्यावर चालत गाठू," अशी चेष्टा चालायची. तरी दवाखान्यात जाणारी, तान्ही मुलं कडेवर घेतलेली माणसं मुद्दाम त्यांच्याच गाडीसाठी थांबायची. निवृत्त झाल्यावर रावांचे काका झाले, एवढाच काय तो फरक.

घर अगदी वळणावर. एकीकडून चढ, दुसरीकडे उंच दगडी भिंत, त्यामुळे समोरचं वाहन अंगावर आल्याशिवाय दिसायचं नाही. वळणाची तिकोनी पाटी होती, पण उन्हाने तिचा लाल काठ गुलाबी झालेला आणि बाण तर शोधावाच लागे. शेवटी रस्ते खात्याने तिथे खांबावर एक मोठा गोल, फुगीर आरसा बसवला. त्यात दोन्हीकडचा रस्ता एकदम दिसायचा. तो पुसायला काकांना कुणीही सांगितलं नव्हतं. रोज अंघोळ झाली की लांब काठीला ओलं फडकं बांधून ते आरसा पुसून यायचे, चहा त्यानंतर. सात वर्षांत खाडा नाही. तापात शाल गुंडाळून गेले, पण गेले.

एका बुधवारी शाळेतल्या बाई स्कूटरवरून वळल्या आणि समोरून टेम्पो आला. बाईंचं मांडीचं हाड मोडलं. टेम्पोवाला गयावया करत सांगत होता, "आरशात बघूनच गाडी घातली हो, आरशात कुणी नव्हतं." खात्याचे साहेब आले, वर बघितलं, तर आरसा चांगला वीतभर फिरलेला. रस्ता अर्धा गायब, नुसती भिंत दिसत होती. खाली उभं राहून पुसणाऱ्याला त्यात आपलंच तोंड दिसतं, त्यामुळे काकांच्या ते लक्षात यायचं कारणच नव्हतं.

"याला हात कोण लावतं?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकाच पुढे झाले. "मी पुसतो रोज. काठीचा दाब जास्त पडला असेल." तिथल्या तिथे जबाब लिहून झाला आणि काकांनी सही केली.

त्यानंतरचे बावीस दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. ते दवाखान्यात बाईंना भेटून आले. बाई रागावल्या नाहीत. "मी त्या आरशाच्या भरवशावर वळत होते हो, काका," एवढंच म्हणाल्या, आणि तेच काकांच्या काळजात रुतून बसलं. घरात मात्र सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं. बायको म्हणाली, "वयानं होतं असं. हात हलतो अलीकडे तुमचा." ती चहा अर्धाच कप द्यायला लागली, सांडू नये म्हणून. खालच्या खोलीत मुलाचं गॅरेज होतं. त्याने एक दिवस स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून खिशात टाकली. "बाबा, आता तुम्ही चालवू नका. आम्हाला घोर लागतो." काकांनी मान डोलावली. बसल्या बसल्या ते आपले हात बघायचे. कधी कधी त्यांना ते खरंच हलताना दिसायचे.

तेविसाव्या दिवशी सकाळी आरसा सरळ करायला खात्याचा फिटर आला. काका शिडी धरून उभे राहिले.

"काका, हा काठीनं फिरला म्हणे?" वरून फिटरने विचारलं.

"हो. माझ्याच."

"काठीला पाना बांधला होता की काय?" तो हसला. "अहो, नट बघा. बाकी सगळीकडे गंज आणि याच्या कडा चमकतायत. कुणीतरी सोडलाय, आरसा फिरवलाय आणि पुन्हा दाबून आवळलाय. फडक्यानं कसला फिरतोय? मी लोंबकळलो तरी हलणार नाही."

"पाचच मिनिटं थांब बाबा, आत्ता फिरवू नकोस," असं फिटरला सांगून ते गॅरेजमध्ये गेले. मुलगा बाहेर गेला होता. ते त्याच्या कामाच्या स्टुलावर बसले आणि तिथून त्यांनी आरशाकडे पाहिलं. भिंतीकडेला दुरुस्तीसाठी लावलेल्या गाड्यांची अख्खी रांग त्यात दिसत होती, नंबर वाचता येतील इतकी स्वच्छ. गेल्याच महिन्यात त्या रांगेतून दोन बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या. "आता येऊ दे चोराला, बसल्या जागेवरून धरतो," असं मुलगा जेवताना म्हणाला होता, ते आज त्यांना आठवलं.

मुलगा हातात ऑइलचा डबा घेऊन आला.

"एकोणीस नंबरचा पाना कुठाय?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला कशाला हवाय?"

"मला नकोय. तुला कशाला हवा होता, ते विचारतोय."

मुलाने डबा खाली ठेवला. बराच वेळ तो हात पुसत राहिला. "दोन दिवसांपुरता फिरवला होता, बाबा. चोर सापडला की सरळ करणार होतो. दुसऱ्याच सकाळी हे असं झालं."

"आणि मी सही केली तेव्हा?"

"काठीचा दाब म्हणून तुम्हीच म्हणालात. मी म्हणालो का? तुमच्या वयाच्या माणसाला कोण काय करणार? मला आत घातलं असतं, गॅरेजला टाळं लागलं असतं. माझी पोरं काय खातील, सांगा."

दारात बायको उभी होती, हातात चहा. काकांनी आधी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

ती हळूच म्हणाली, "घरातलं घरात राहू द्या ना. तुम्हाला कुणी एका शब्दानं तरी बोललं का?"

"तू बोललीस की. रोज. हात हलतो म्हणून."

"काहीतरी समजूत घालायला नको? सारखे त्या हातांकडे बघत बसायचात तुम्ही."

काकांनी दोन्ही हात पुढे धरले. जरासुद्धा हलत नव्हते. या दोघांनी केसाने गळा कापला होता, आणि तोही मायेनं चुचकारत.

"ते घरातलं नव्हतंच," ते म्हणाले. "रस्त्यावरचं होतं. घरात तुम्ही आणलंत."

ते बाहेर पडले, फिटरला "कर आता सरळ" म्हणाले आणि चालतच खात्याच्या कचेरीत गेले. स्कूटरची किल्ली मुलाच्या खिशात होती, ती मागावीशी वाटली नाही.

कचेरीतला कारकून माहितीचा होता, लहानपणी त्यांच्याच बसने शाळेत जायचा. "नवा जबाब? आता कशाला काका? प्रकरण मिटलंय. साहेबांनी 'वृद्धापकाळामुळे' असा शेरा मारून फाइल बंदसुद्धा केली."

"तो शेरा खोटा आहे. कागद दे."

कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. चुकीस जबाबदार व्यक्तीचे नाव. काकांनी मुलाचं नाव लिहिलं. त्याखाली वडिलांचे नाव असा रकाना होता. तिथे त्यांनी स्वतःचं लिहिलं. अक्षर सरळ आलं.

कारकुनाने वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, मुलगा आहे तुमचा."

"हो."

"तुम्हाला कळलं कधी?"

"आज सकाळी."

"आणखी कुणाला माहीत होतं? साक्षीदार लिहावा लागतो."

काकांचं पेन थांबलं. पंखा फिरत होता, कागदाचा कोपरा उडत होता, तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला. मग त्या रकान्यात त्यांनी लिहिलं, पत्नी.

पुढचा प्रश्न कारकुनाने अगदी हलक्या आवाजात विचारला, "पहिल्या जबाबावर सही केलीत, तेव्हा काकू तिथे होत्या?"

"होती," काका म्हणाले. "माझा डावा हात धरून उभी होती."