जिन्याखालच्या खोलीची किल्ली

जिन्याखालच्या खोलीची किल्ली मातालेनाच्या गळ्यात असायची, क्रूसाच्या शेजारी. सहा वर्षं झाली. आपिया या बेटावरच्या शहरात समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती दुमजली इमारत तशी काही नावाजलेली नव्हती. खाली सांगातो म्हाताऱ्याचं शिवणाचं दुकान, एक वकील, एक विमानाची तिकिटं काढून देणारा; वर चार-पाच छोटी ऑफिसं. पण ‘तिथलं नेट जात नाही’ असं बाजारात बोललं जायचं, आणि ते कोणामुळे, हे मातालेना स्वतःच सगळ्यांना सांगायची. झाडलोट करणारी बाई राउटर सांभाळते म्हणून लोक आधी हसले होते. मग मोठ्या वादळानंतर शेजारपाजारी आठवडाभर नेट नव्हतं आणि इथे तिसऱ्या दिवशी सुरू झालं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आणि आता सोमवारपासून नेट बंद होतं. आज बुधवार.

अकरा वाजता इमारतीचा मालक फिलिपो याचा फोन आला. “मातालेना, दोन वाजेपर्यंत थांबतो. नाही जमलं तर येतो आणि किल्ली नेटच्या कंपनीच्या माणसाला देतो. उद्यापासून तोच बघेल.”

“बरं,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर जे म्हणाली ते पाद्र्याच्या कानावर घालण्यासारखं नव्हतं.

दोनची वेळ त्याने उगाच नव्हती दिली. वरच्या मजल्यावर लांगी नावाची मुलगी घरांचे नकाशे काढायची. दोन वाजता वेलिंग्टनच्या एका मोठ्या ऑफिसशी तिची व्हिडिओवर मुलाखत होती. काम मिळालं तर वर्षभराची ददात मिटणार होती. ही खोली तिने घेतली होती ती मातालेनाच्या शब्दावर. ‘इथलं नेट जाईल तेव्हा मी नाव बदलीन,’ असं मातालेना तिला छातीला हात लावून म्हणाली होती.

काय करायचं राहिलं होतं? राउटर बंद करून, तीस आकडे मोजून, पुन्हा सुरू करून झाला. वायर बदलून झाली. कंपनीला फोन झाला, ते म्हणाले लाइन ठीक आहे. वकिलाचा कॉम्प्युटर वायरने जोडलेला होता, तो झकास चालत होता. राउटरचे चारही दिवे हिरवे. त्याच्याजवळ उभं राहिलं की फोनवर नेट धो धो यायचं. दार ओढून दोन पायऱ्या चढल्या की गायब.

“म्हातारा झाला तुझा राउटर, मावशी,” तिकीटवाला म्हणाला.

“म्हातारा तू झालास. तो अजून मला ओळखतो.”

ती पुन्हा खोलीत शिरली. म्हणजे कडेकडेने, पोट आत घेऊन. कारण सोमवारी सकाळी तिने तिथे माशांच्या डब्यांची ऐंशी खोकी रचली होती. शनिवारी तिच्या धाकट्या भावाला, सेफोला, घराण्याचं सरदारपद मिळणार होतं. इतक्या वर्षांनी त्यांच्या घरात ते पद परत येत होतं. येणाऱ्या गावांना चटया, डुकरं आणि माशांची खोकी द्यायची, ती हात आखडून देऊन कसं चालेल? घरात जागा नव्हती, म्हणून खोकी इथे आणली. राउटरच्या फळीभोवती तिन्ही बाजूंनी, डोक्याएवढी उंच, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. इतकी नेटकी रांग लागली होती की झाडता झाडता ती उगाच दार उघडून बघून घ्यायची.

एवढ्यात फोन वाजला. ऑकलंडहून सेफो, नेटवरून. तिच्या फोनात स्वतःचं नेट कधीच नसायचं, ती राउटरवरच जगायची.

“ताई, मासे आले का गं? पुरतील ना?”

“ऐंशी खोकी आहेत. तुला बसवून वर झाकण लावलं तरी उरतील.”

बोलता बोलता तिने किल्लीची दोरी गळ्यातून काढली, घामाने मान चिकट झाली होती, आणि किल्ली निसटून खोक्यांमागे दाराशी पडली. ती दारापाशी गेली आणि चाचपडायला खाली वाकली. सेफोचा आवाज तुटला. उठली तर, “...ऐकतेस ना?” पुन्हा वाकली. शांतता. उठली. “ताई, काय चाललंय?”

मातालेना तिसऱ्यांदा मुद्दाम वाकली. मग तिथेच उकिडवी बसून राहिली, समोर पत्र्याच्या डब्यांची भिंत. एका खोक्यात चोवीस डबे. तीन दिवस ती वायर तपासत होती, कंपनीला शिव्या घालत होती, आणि राउटरला पत्र्याच्या पेटीत कोंडलं होतं ते तिनेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

खोकी मागच्या दाराने गुपचूप हलवता आली असती. ‘शनिवारची तयारी’ म्हटलं असतं की झालं. नेट आपोआप सुरू, नाव शाबूत, किल्ली गळ्यात. मातालेनाने तो विचार किल्ली सापडेपर्यंत केला. मग ती बाहेर आली आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, “सगळे ऐका. राउटर चांगला आहे. माझ्या माशांनी त्याला अडवलंय. चूक माझी. खोकी बाहेर काढायला हात लावा.”

सांगातो म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून दुकानाच्या दारात आला. गावच्या सभेत घराण्यांच्या वतीने बोलायचा मान त्याचा होता. “कळलं एकदाचं,” तो म्हणाला.

“एकदाचं म्हणजे? काका, तुम्हाला ठाऊक होतं?”

“खोकी आत गेली आणि माझ्या फोनवरची रग्बीची कॉमेंट्री बंद पडली. एवढं तर शिंप्यालाही कळतं.”

“मग तीन दिवस तोंड शिवून का बसलात?”

“कोणाच्या घरचं देणं ‘इथून उचला’ म्हणायचं? ते सुद्धा पद मिळायच्या आठवड्यात? तुझ्या घराण्याने मला उभ्या जन्मात माफ केलं नसतं. आणि बरोबरच केलं असतं.”

मातालेनाने वर पाहिलं. लांगी कठड्याशी उभी होती, मुलाखतीसाठी घातलेला पांढरा ब्लाउज, खाली मान.

“तुलाही?”

“सोमवारी संध्याकाळी शंका आली होती, मावशी.”

“अगं, मुलाखत गेली असती तुझी.”

“हो,” लांगी म्हणाली. “पण तुमच्या घरचा दिवस आहे.”

मातालेनाला राग आला, खराखुरा. या शहाण्यांना थोबडावं असं वाटलं. आणि त्याच रागात तिचा ऊर भरून आला. अशा माणसांच्या इमारतीची किल्ली आपल्याकडे आहे, याचा तिला जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या सरदारपदाचाही वाटला नव्हता.

“उभे काय राहिलात? उचला.”

वकिलाने कोट काढला. तिकीटवाल्याने दुकानाला ‘बंद’ची पाटी लावली. लांगीलाही खोकं उचलायचं होतं, पण तिला सगळ्यांनी हाकलून वर पाठवलं. खोकी एकेक करून रस्त्याकडच्या ओसरीवर येऊ लागली. आपल्या घरचं देणं शनिवारच्या आधी भर बाजारात मांडायचं म्हणजे मिरवल्यासारखं, म्हणून मातालेना संकोचली. सांगातोने ते ओळखलं. त्याने दुकानातला लाकडी गज आणला, सभेत काठी धरतात तसा धरला, आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात देणं पुकारायला लागला, जसं मोठ्या समारंभात पुकारतात. कोणाच्या घराण्याचं, कशासाठी, किती खोकी. येणारेजाणारे थांबले. टॅक्सीवाल्यांनी इंजिनं बंद केली.

दोनला पाच कमी असताना ऐंशीवं खोकं ओसरीवर टेकलं. फिलिपोची गाडी तेव्हाच येऊन थांबली, शेजारी कंपनीचा माणूस. वरून लांगीचा आवाज आला, परक्या माणसांशी बोलताना काढतात तसा स्वच्छ: “हो, मला अगदी नीट ऐकू येतंय.”

फिलिपो गाडीतून उतरला. काही विचारणार तोच सांगातोने गज पुन्हा जमिनीवर टेकवला.

“आणि मातालेनाच्या हातून या इमारतीला,” त्याने पुकारलं, “राउटर एक. दिवे चार. चारही हिरवे.”

“मालो,” सगळे एका सुरात म्हणाले. शाब्बास म्हणायची इथली हीच रीत.

फिलिपोने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं, मग मातालेनाच्या गळ्याकडे. घामाने भिजलेली दोरी तिने केव्हाच परत घातली होती. तो कंपनीच्या माणसाला म्हणाला, “तुम्ही चहा घ्या आणि जा.”