चिठ्ठीवरची रिकामी जागा

पक्कडनं फावडं कपाटाच्या पायाखाली सारलं आणि त्यावर अंगातला सगळा जोर टाकला. कपाट तसूभरही हललं नाही. हलला तो फक्त चिखल, आणि तोही तिच्याच पायावर येऊन बसला.

"कपाट आहे की बँकेची तिजोरी?" गवंडी दारातून म्हणाला. "काका, आत पुरलंय तरी काय?"

"भंगार आहे," काका म्हणाले. "आहे तसं उचला आणि टाका गाडीत."

"उचलायला ते हलायला तर हवं!"

वादळ जाऊन तीन दिवस झाले होते. काकांच्या पुढच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात, कमरेइतकं पाणी दीड दिवस ठाण मांडून बसलं होतं. ते ओसरलं तशी काकांच्या लेकीनं शाळेतल्या दोन मित्रांना हाक मारली. ती इस्पितळात नर्स, त्यामुळे सगळे तिला सिस्टर म्हणत, हल्ली तर बापसुद्धा. गवंडी खरोखरच गवंडी होता. आणि पक्कड, हे नाव तिला शाळेतच चिकटलेलं, मोटारी भरायची. जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. तान्ही लेक आईकडे ठेवून ती आली होती, बाराच्या आत परतायच्या बोलीवर.

काकांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. पंखा असो, इस्त्री असो, मुकी झालेली घंटा असो, हाताला गुण होता त्यांच्या. पक्कड नऊ वर्षांची असताना आईचा रेडिओ बंद पडला होता. काकांनी तो नेला आणि पंधरा दिवसांनी गाता करून आणून दिला. मेलेली वस्तू बोलते, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढे काय व्हायचं ते त्याच दिवशी ठरवून टाकलं. या वादळाची बातमीही आईनं त्याच रेडिओवर ऐकली होती.

शाळा सुटली की ती काकांच्या शेजारी स्टुलावर येऊन बसायची. ती स्क्रू काढायची, काका लिहायचे. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असे: कोणाची, काय, आणि खाली 'दोष'. दोषापुढची जागा ते लगेच भरत नसत. "आधी सापडू दे, मग लिहू," म्हणत आणि पेन्सिल कानामागे खोचत. आजही, काका गुडघ्यापर्यंत चिखलात असताना, पेन्सिल तिथंच होती.

एवढ्या वर्षांत हे कपाट मात्र तिच्यासमोर कधी उघडलं नव्हतं. लहानपणी तिनं किती पिच्छा पुरवला होता! "आत उंदीर आहेत," काका सांगायचे. "तुझ्याएवढे."

"बाबा, किल्ली द्या ना," सिस्टर म्हणाली. "पाणी शिरलंय आत. रिकामं केल्याशिवाय नाही हलायचं ते."

"वाहून गेली."

त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. पक्कडनं ते पाहिलं.

"मग पहार आणतो," गवंडी म्हणाला. "दोन मिनिटांत दार बाहेर." तो निघाला. तेवढ्यात अंगणातल्या नळाला पाणी आलं आणि सिस्टर बादल्या घेऊन धावली.

खोलीत दोघंच उरली. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो फोडेलच ना गं?"

"फोडेल."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. "मग तूच उघड. आणि जे बघशील ते..." त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

दार करकरलं. खालच्या दोन कप्प्यांत सगळा चिखल: इस्त्र्या, एक पंखा, कसल्या कसल्या मोटारी. वरचा कप्पा मात्र कोरडा होता. तिथल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती. पक्कडनं एक उलटली, मग दुसरी, मग तिसरी. नावं ओळखीची होती, पण दोषापुढची जागा सगळ्यांची कोरी. अगदी मागे एक रेडिओ होता. 'नळापलीकडच्या वहिनी. रेडिओ. दोष –'

नळापलीकडच्या वहिनी म्हणजे तिची आई.

तिनं रेडिओ आडवा केला. बुडाला एक निळं बदक चिकटवलेलं होतं, रंग उडालेलं. ते तिनंच चिकटवलं होतं. रेडिओ घरी आला तेव्हा बदक गायब होतं आणि ती रडली होती. काकांनी समजूत घातली होती, "ते आवाज खात होतं गं. काढावं लागलं."

"म्हणजे आईकडचा..."

"त्याच बनावटीचा. शोधून आणला," काका म्हणाले. "बटणं ह्याची त्याला लावली. बदक काही निघेना."

"सांगायचं ना, की नाही झाला."

"दाराशी उभी होती तुझी आई. म्हणाली, तुम्ही आहात म्हणजे काळजी नाही." त्यांनी चिखलातला पाय उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. "मग काय सांगणार होतो?"

पक्कडनं कपाटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "टाकून का नाही दिलंत हे?"

"कधीतरी दोष सापडेल म्हणून."

बोटानं ती बदकावरची धूळ पुसत राहिली. घरी तिची लेक आजीच्या मांडीवर असेल, शेजारी तो दुसरा रेडिओ गात असेल.

"उघडलं?" गवंडी पहार खांद्यावर घेऊन दारात उभा. मागून सिस्टरही डोकावली. "काय निघालं? सोनं की साप?" त्यानं विचारलं.

काकांनी खिडकीच्या गजाला धरलं.

"माझं काम निघालं," पक्कड म्हणाली. "तू खालचा कप्पा उपस. वरच्याला हात लावायचा नाही."

"बारा वाजत आले तुझे," सिस्टर म्हणाली.

"वाजू देत. आईला फोन कर, म्हणावं थोडा उशीर होतोय."

तिनं ओट्यावरचा चिखल कोपरानं बाजूला सारला, फडकं पसरलं, रेडिओ त्यावर पालथा ठेवला आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू गंजला होता. हळूहळू, कुरकुरत, तो फिरला. झाकण उचलून ती आत वाकली.

"बघितलं होतं का हे, इथलं?" तिनं विचारलं.

काका खिडकीपाशीच होते. मग एक पाऊल पुढे आले. मग दुसरं.

"कुठलं?"

"हे. इकडे या की."

शेजारी येऊन ते वाकले, आणि त्यांचा हात आपसूक कानामागे गेला.